स्मृतिमार्ग आणि विश्वस्तधर्म : एक चिकित्सा

महापुरुषांची स्मृती जपण्यासाठी आपल्या समाजाने आजवर प्रामुख्याने दोन साधने वापरली : पुतळा आणि विहार. आता तिसरे साधन पुढे येत आहे, ते म्हणजे स्मृतिमार्ग. तथागत ज्या वाटेने चालले, सम्राट अशोकाची धम्मयात्रा जेथून गेली, बाबासाहेबांच्या आंदोलनाची पावले ज्या रस्त्यावर उमटली, तो रस्ता आखावा, त्यावर फलक उभारावेत आणि दरवर्षी समूहाने त्यावरून चालावे, अशी इच्छा अनेक न्यासांच्या व विहार समित्यांच्या मनात आहे. ही इच्छा स्वागतार्ह आहे आणि म्हणूनच तिची चिकित्सा वेळीच झाली पाहिजे. दगड रोवला गेल्यावर केलेली चिकित्सा बहुधा कटुतेला कारण होते.

असा मार्ग निर्माण कसा होतो आणि त्याची निगा कोण राखतो, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथे पाली वाङ्मयाच्या आधारे करणार आहोत. आमचे प्रतिपादन आरंभीच सांगतो. स्मृतिमार्गाची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही, ती दहाव्या-बाराव्या वर्षी होते. ज्या न्यासाने कमानीसाठी निधी जमवला आणि निगा राखण्यासाठी काहीच राखून ठेवले नाही, त्याने महापुरुषाचे स्मारक उभारले नाही. स्वतःच्या कार्यकारिणीचे स्मारक उभारले.

चालणे ही तशी साधी क्रिया. परंतु आपल्या इतिहासात ती कधीच साधी नव्हती. १९२४ साली त्रावणकोर संस्थानातील वायकोम येथे जो सत्याग्रह झाला, तो मंदिरप्रवेशाचाही नव्हता. मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालता यावे एवढीच त्याची मागणी होती. त्यानंतर तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या परिषदेतील प्रतिनिधी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली गावातून चालत चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. सभास्थानापासून तळ्यापर्यंतचे अंतर काही मोठे नाही. पण त्या अंतरावरील अधिकार न्यायालयात सिद्ध व्हायला मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ मार्च १९३७ च्या निर्णयापर्यंत दहा वर्षे लागली. म्हणून आपल्या दृष्टीने रस्ता हे स्मारकाकडे नेणारे साधन नाही. रस्ता हेच स्मारक आहे. पुतळा बाबासाहेबांचे दर्शन घडवतो. त्यांनी चाललेला रस्ता मात्र त्यांनी केलेली कृती आपल्याकडून करवून घेतो. एवढे सामर्थ्य ज्या साधनात आहे, त्याबाबतची जबाबदारीही तेवढीच मोठी असली पाहिजे.

पाली वाङ्मयात या कृतीला नाव आहे : चारिका. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्त आपण अंतिम उपदेशाचे सुत्त म्हणून वाचतो, पण त्याची रचना पाहिली तर ते एका पदयात्रेचे वर्णन आहे. राजगृह, अंबलट्ठिका, नालंदा, पाटलिगाम, कोटिगाम, नादिका, वैशाली, भोगनगर, पावा आणि अखेरीस कुसिनारा. ऐंशी वर्षांचे तथागत गावामागून गाव मागे टाकत जातात; वाटेत गणिका भेटते, लोहाराच्या घरी भोजन होते, गावोगावच्या उपासकांशी संवाद होतो. याच सुत्तात जन्म, संबोधी, धम्मचक्रप्रवर्तन आणि परिनिर्वाण यांची चार स्थाने 'संवेजनीय' म्हणून सांगितली आहेत आणि प्रसन्न चित्ताने चेतियचारिका करणाऱ्यांची प्रशंसा आली आहे. त्या प्रशंसेत स्वर्गगतीचा उल्लेख आहे आणि बाबासाहेबांच्या दृष्टीने धम्म समजून घेणाऱ्या वाचकाला तो खटकेल. परंतु तेथील भर चित्ताच्या प्रसन्नतेवर आहे, पायपिटीवर नाही. आणि 'संवेग' म्हणजे भावविवशता नव्हे. अनित्यतेच्या साक्षात्काराने चित्त हादरावे आणि त्याने कर्तव्याकडे वळावे, हा त्या शब्दाचा आशय आहे. जी वाट चालून आल्यावर माणसाला काहीच करावेसे वाटत नाही, ती वाट या अर्थाने संवेजनीय नाही.

हाच विचार अशोकाने राज्यव्यवहारात आणला. आठव्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीसाठी व मौजेसाठी विहारयात्रा करीत. आपण राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय घडे याची यादी त्याने दिली आहे : श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, धम्माची चर्चा. या यादीतील निम्म्याहून अधिक गोष्टी वाटेवरील माणसांशी संबंधित आहेत. सातव्या स्तंभलेखात तो वाटेवर वड लावल्याचे, आंबराया केल्याचे, विहिरी खणल्याचे व पाणपोयांची सोय केल्याचे नमूद करतो आणि लगेच पुढे म्हणतो, की अशा सोयी पूर्वीच्या राजांनीही केल्या होत्या. आपला हेतू लोकांनी धम्माप्रमाणे वागावे हा आहे. स्वतःच्या बांधकामाकडे इतक्या तटस्थतेने पाहणारा विश्वस्त आज विरळा.

आता आजच्या काळातील एक उदाहरण पाहू. विनयपिटकातील महावग्गात असे आले आहे, की तथागत राजगृहाजवळ लट्ठिवनात उतरले असता बिंबिसार मगधातील मोठ्या जनसमुदायासह त्यांना भेटला. दुसऱ्या दिवशी तथागत भिक्खुसंघासह नगरात गेले आणि राजाने त्यांना वेळुवन दान दिले. बिहारमधील आजचे जेठियन म्हणजे ते लट्ठिवन, असे अभ्यासक मानतात. 'लाइट ऑफ बुद्धधर्म फाउंडेशन इंटरनॅशनल' हा न्यास आणि नव नालंदा महाविहार यांनी २०१४ पासून जेठियन ते राजगीरचे वेळुवन ही पदयात्रा डिसेंबर महिन्यात सुरू केली. डोंगरांमधल्या खोऱ्यातून जाणारी ही वाट सुमारे तेरा किलोमीटरची आहे. निरनिराळ्या देशांचे भिक्खू तीवर चालतात आणि जेठियनचे ग्रामस्थ त्यांचे स्वागत करतात. या उपक्रमाचे दोन गुण आम्हास महत्त्वाचे वाटतात. एक, त्याला वाङ्मयाचा आधार आहे. एखाद्या पुढाऱ्याच्या स्वप्नदृष्टांतावर तो उभा नाही. दुसरा, न्यासाने विद्यापीठीय संस्थेला सोबत घेतले, त्यामुळे स्थाननिश्चितीचा प्रश्न विद्येच्या कक्षेत राहिला.

येथे यात्रा आणि मार्ग यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू परभणीहून निघून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी आले. गावोगावच्या उपासक-उपासिकांनी त्यांचे जे स्वागत केले, ते ज्यांनी पाहिले त्यांच्या ते स्मरणात राहील. ती यात्रा होती, यात्रा संपते. मार्ग मात्र यात्रा संपल्यावर उरतो. वर्षातील एक दिवस हजार माणसे चालतात, हे यात्रेचे यश झाले. उरलेल्या ३६४ दिवसांत एखादी एकटी विद्यार्थिनी त्या वाटेने निर्भयपणे जाऊ शकते का, तिला पाणी मिळते का, फलकावरील अक्षरे तिला वाचता येतात का, हे मार्गाचे यश आहे. आपले न्यास बहुधा पहिल्या यशाचा अहवाल छापतात. दुसऱ्याचा अहवाल आमच्या पाहण्यात फारसा येत नाही.

याचे एक कारण कायद्याच्या रचनेत आहे. विहार, वाचनालय, वसतिगृह ही न्यासाची मिळकत असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये ती धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत चढते, तिचे हिशेब तपासले जातात, आणि ती विकायची झाल्यास पूर्वपरवानगी लागते. वाट मात्र न्यासाच्या मालकीची नसते. ती काही अंतर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्याने जाते, काही अंतर वनखात्याच्या हद्दीतून, काही कुणाच्या शेताच्या कडेने, काही गावाच्या पांदणीतून. ज्यावर मालकी नाही त्याची निगा राखण्याचा व्रतबंध न्यासाने स्वतःहून घ्यावा लागतो. म्हणून न्यासपत्राच्या उद्दिष्टांत 'स्मारक उभारणे' एवढेच लिहून भागत नाही. मार्गाची निगा, त्यासाठीचा कायम निधी आणि त्याचा वेगळा हिशेब यांचा स्पष्ट उल्लेख तेथे असला पाहिजे.

इतर देशांत हा प्रश्न कसा सोडवला गेला, हे पाहण्याजोगे आहे. लंडनमध्ये १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पायी हिंडण्याचा एक मार्ग आखला गेला. फरसबंदीत बसवलेल्या धातूच्या चकत्या वाट दाखवतात, आणि त्या मार्गाची काळजी वाहण्यासाठी स्वतंत्र धर्मादाय न्यास झाला. स्पेनमध्ये सांतियागोच्या जुन्या यात्रामार्गावर एका डोंगरी गावच्या धर्मगुरूने १९८० नंतरच्या दशकात पिवळ्या रंगाचे बाण रंगवले. आज त्या बाणांवर विसंबून जगभरचे लोक चालतात. जपानच्या शिकोकू बेटावर ८८ बौद्ध मंदिरांची सुमारे १,२०० किलोमीटरची परिक्रमा आहे. तेथे वाटेवरचे रहिवासी यात्रिकाला फळे, चहा, विसाव्याला जागा देतात. या दानाला ते 'ओसेत्ताई' म्हणतात. राजवैभवाचे स्मरण आपणास करायचे नाही, परलोकीची पुण्याईही साधायची नाही. परंतु एक गोष्ट या तिन्ही ठिकाणी समान आहे. तेथील खुणा लहान आहेत : चकती, बाण, चहाचा पेला. आणि त्यांची निगा राखणारी माणसे वाटेच्या जवळची आहेत.

पाली वाङ्मयात वाटेची निगा राखणाऱ्या एका मंडळाची कथा आहे. ती कुलावकजातकात येते. मगधातील मचल गावचा मघ नावाचा तरुण गावाच्या चौकात उभा राहण्यापुरती जागा पायाने साफ करतो. दुसरा कोणी येऊन त्या जागेवर उभा राहतो. मघ रागावत नाही. तो पलीकडची जागा साफ करतो. तीही कोणी घेते. आपल्या श्रमाने दुसऱ्याला सुख झाले, यातच त्याला समाधान वाटते. पुढे गावातील तीस पुरुष त्याला मिळतात. पहाटे उठून ते रस्त्यातील दगड बाजूला करतात, गाड्यांच्या आसाला अडणारी झाडे तोडतात, खाचखळगे बुजवतात, पूल बांधतात, तळी खणतात, चौरस्त्यावर धर्मशाळा उभारतात. जातककथा हा इतिहास नव्हे. पण समाजाने कोणती मूल्ये जपली याचा ती पुरावा आहे. आणि या कथेतील तीन गोष्टी आजच्या न्यासांना लागू पडतात.

पहिली गोष्ट जागेची. मघाने साफ केलेल्या जागेवर त्याचे नाव नाही. आपल्याकडे देणगीदारांचा फलक कित्येकदा मूळ माहितीच्या फलकाहून मोठा असतो. दुसरी गोष्ट गावच्या मुखियाची. लोक दारू पीत, भांडत, तेव्हा त्याला दारूवरील व दंडाचे उत्पन्न मिळे. मघाच्या मंडळाने ते बंद पाडले म्हणून तो राजाकडे जाऊन त्यांना चोर ठरवतो. वाट सुधारली की कोणाचे तरी उत्पन्न बुडते, हे कथाकाराला ठाऊक होते. स्मृतिमार्गावर ठेकेदार, दुकानदार, वाहनतळवाले यांचे हितसंबंध लवकर गोळा होतात आणि विश्वस्तांनी त्यांच्याशी सामना करण्याची तयारी आधीच ठेवली पाहिजे.

तिसरी गोष्ट आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते. या तीस पुरुषांनी धर्मशाळेच्या कामात स्त्रियांना वाटा द्यायचा नाही असे ठरवले होते. तेव्हा सुधम्मा नावाच्या स्त्रीने सुताराशी संधान बांधून शिखराची कर्णिका आधीच तयार करून ठेवली. कर्णिकेवाचून छप्पर पुरे होईना. अखेर पुरुषांना तिचा वाटा मान्य करावा लागला. चित्तेने तेथे बाग केली, नंदेने तळे. आपल्या पदयात्रांत पांढऱ्या साडीतील उपासिकांच्या रांगाच रांगा असतात. धम्मवंदना त्या म्हणतात, भोजनदान त्या करतात, विहाराची झाडलोट त्या करतात. मात्र विश्वस्तांची यादी वाचली तर त्यांची नावे शोधावी लागतात. निगा राखण्याचे काम ज्यांच्या हातांनी होते, त्यांनाच निर्णयातून वगळले तर निगा राहायची कशी? सुधम्मेला चातुर्याने जे मिळवावे लागले, ते आजच्या उपासिकेला हक्काने मिळाले पाहिजे.

विश्वस्तांच्या मुदतीबाबतही विनयपिटक मूक नाही. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात 'नवकम्म', म्हणजे बांधकामाची देखरेख, कोणाला व किती काळ द्यावी याचे नियम आहेत. आळवीच्या भिक्खूंनी मातीचे गोळे ठेवणे, भिंत सारवणे, चुना देणे अशा किरकोळ कामांसाठी देखरेखीचा अधिकार वीस वर्षे, तीस वर्षे, जन्मभर, इतकेच नव्हे तर चितेचा धूर निघेपर्यंत देऊन टाकला. तथागतांनी ते निषिद्ध ठरवले. लहान विहारासाठी पाच-सहा वर्षे, त्याहून मोठ्यासाठी सात-आठ, मोठ्या विहारासाठी वा प्रासादासाठी दहा-बारा वर्षे अशी कामाच्या प्रमाणात मुदत घालून दिली. भांडारपालासारखे अधिकारी नेमताना छंद, द्वेष, मोह व भय या चार अगतींच्या आहारी न जाणारा मनुष्य निवडावा, असाही दंडक आहे. जी व्यवस्था अडीच हजार वर्षांपूर्वी आजीव देखरेख नाकारते, तिचे अनुयायी आजीव विश्वस्तपद सुखाने भोगतात, हा विरोधाभास आम्ही नोंदवून ठेवतो. २०२४ च्या जुलैत नागपूरच्या दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाच्या कामावरून जनक्षोभ उसळला आणि शासनाला ते काम थांबवावे लागले. त्या वादाच्या तपशिलात आम्ही येथे शिरत नाही. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली : सामान्य उपासक स्वतःला त्या भूमीचा रक्षक समजतो. त्याला विश्वासात न घेता केलेली सुधारणा त्याला आक्रमण वाटते.

हे सारे निकष आता आपल्या भागास लावून पाहू. आरमोरी वैनगंगेच्या काठी आहे. याच नदीच्या वरच्या अंगाला पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. तेथील शिल्पांत मुचलिंद नागाचे नामांकित शिल्प आहे. नागभीड परिसरातील देवटेक येथे प्राण्यांच्या हत्येला मनाई करणारा, अशोककालीन मानला जाणारा ब्राह्मी लेख सापडला. ती शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. भद्रावतीला विजासन लेणी आहेत. आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, तेव्हा आरमोरी चांदा जिल्ह्यातच होते; गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. पवनी, देवटेक, आरमोरी, चंद्रपूर, भद्रावती अशी वाट आखावी असे कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

पण येथेच मोहाचे स्थान आहे. तथागत स्वतः वैनगंगेच्या काठाने चालले, असा फलक लावण्याचा मोह विश्वस्तांना होईल. निकायांत व विनयात आलेली त्यांची चारिका मगध, कोसल, वज्जी, मल्ल या उत्तरेकडील जनपदांत आहे. या भागात ते आल्याचा आधार त्यांत नाही. कालामसुत्त केवळ परंपरेवर विसंबू नका असे शिकवते. त्याच्या अनुयायांनी दगडावर निराधार विधान कोरणे ही धम्माची सेवा नव्हे. म्हणून अशा वाटेवरील प्रत्येक फलकावर तीनपैकी एक शब्द स्पष्ट असावा अशी आमची सूचना आहे : लेख, वाङ्मय किंवा आठवण. देवटेकचा आधार लेख आहे. चारिकेचा आधार वाङ्मय आहे. १९५६ च्या कित्येक गोष्टींचा आधार आठवण आहे. तिन्हींना मान आहे, मात्र तिन्हींची सरमिसळ नको.

दुसरा प्रश्न वाटेवरील लोकांचा. हा मुलूख निर्जन नाही. येथील जंगलावर गोंड, माडिया आदी समाजांचा परंपरागत अधिकार आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला आणि देशात तो पहिल्यांपैकी ठरला. ज्यांना शतकानुशतके रस्ता नाकारला गेला, त्यांनी दुसऱ्या वंचिताच्या जंगलातून त्याला न विचारता रस्ता काढू नये. ग्रामसभेचा ठराव ही उपचाराची बाब नाही. आपल्या स्मृतिमार्गाची ती पहिली शिळा आहे. शिवाय ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या पट्ट्यात वाघ आणि माणूस यांचा संघर्ष तीव्र आहे. मोहफूल व तेंदूपाने वेचणाऱ्यांचे बळी गेलेले आहेत. शेकडो लोकांना हौसेने आडवाटेने नेणे हे धाडस नव्हे, बेजबाबदारी आहे.

ऋतूचाही विचार व्हावा. वर्षावासाचा नियम कसा झाला हे महावग्गात सांगितले आहे. भिक्खू पावसाळ्यातही हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात, अशी लोकांनी टीका केली. तथागतांनी ती ऐकली आणि नियम घातला. लोकटीकेतून झालेला हा नियम धानाच्या मुलखात आजही तितकाच सार्थ आहे. रोवणी चालू असता बांध्यांच्या पाळीवरून शेकडो पावले गेली तर शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. चीवराची रचनाच मगधातील शेतांच्या बांधांवरून सुचली, असे विनयात आले आहे. जे वस्त्र शेताच्या आकाराचे आहे, ते पांघरून शेत तुडवता येत नाही.

राहता राहिली आठवण, आणि ती थांबणारी नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात चांदा जिल्ह्याच्या गावागावांतून माणसे दीक्षेसाठी गेली. बाबासाहेब कोठून आले-गेले याची नोंद इतिहासकार करतीलच. परंतु ती माणसे कोणत्या वाटेने गेली, कोठे मुक्काम केला, कोणत्या विहिरीवर पाणी मिळाले आणि कोणत्या विहिरीवर मिळाले नाही, याची नोंद आपणच केली पाहिजे. तेव्हा विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. या भागातील खरा स्मृतिमार्ग त्यांच्या पायांना ठाऊक आहे, आणि तो सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. कमानीला दहा वर्षे उशीर झाला तरी चालेल. या साक्षीला दोन वर्षांचाही उशीर चालणार नाही.

म्हणून या भागातील न्यासांना व विहार समित्यांना आमची विनंती आहे, की फलकाच्या आधी वही घ्यावी. प्रत्येक विहाराने आपल्या गावातील वृद्धांची साक्ष नाव, गाव, तारीख घालून लिहून घ्यावी. जेथे वाट निश्चित होईल तेथे ग्रामसभेची संमती घ्यावी, एक झाड लावावे, एक पाणपोई चालवावी आणि त्यांची जबाबदारी पाच-सहा वर्षांच्या मुदतीने त्याच गावच्या उपासक-उपासिकांकडे सोपवावी. मुदत संपल्यावर हिशेब मांडावा आणि काम दुसऱ्या हातांत द्यावे. चंद्रपूरला धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला साजरा होतो. त्या दिवशी या वह्यांचे जाहीर वाचन सुरू झाले, तर मार्गाची आखणी तेथूनच सुरू होईल.